परमुलखास जाणाऱ्याची शिदोरी

आज तासगांवचें नांव निघालें कीं द्राक्षांचे मांडव आणि बेदाण्याचे सौदे डोळ्यांपुढें उभे राहतात. सावलींत पसरलेलीं द्राक्षें पंधरवड्याच्या आंतबाहेर वाळतात, आणि सुमारें चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उरलेले तीन किलो म्हणजे बहुतेक सारें पाणीच. हें पाणी निघून गेल्यामुळेंच बेदाणा नासत नाहीं, सांडत नाहीं, आणि तासगांवाहून निघालेल्या माणसाच्या पिशवींतून हजारों कोसांवर सुखरूप पोहोंचतो. परमुलखास जातांना बरोबर काय न्यावें, या प्रश्नाचा महाराष्ट्रांतील इतिहास पाहूं गेल्यास तोही असाच पाण्याभोंवतीं फिरतांना दिसतो.

जुन्या घरांतून प्रवासाची तयारी स्वयंपाकघरांत सुरू होई. पाण्यांत शिजलेलें अन्न खरकटें. तें सोवळ्यानें रांधावें, पाटावर बसून खावें, वाटेवर नेऊं नये, असा दंडक होता. या दंडकांतूनच घरच्या बायकांनीं प्रवासाची शिदोरी शोधून काढली. पाण्याऐवजीं दुधांत पीठ भिजवून केलेली भाकरी ती दशमी; तिला खरकट्याचा दोष नसे आणि ती टिकेही. भाजलेल्या धान्याचें सातूचें पीठ दुधांत वा ताकांत कालविलें कीं चूल पेटवावी लागत नसे. लाडू, लाह्या, सुकामेवा हीं त्याच वर्गांतलीं. एका खांद्यावर पडशी, दुसऱ्यावर वळकटी आणि हातांत झांकण फिरवून घट्ट बसविलेला फिरकीचा तांब्या, एवढ्या सामानावर माणूस पंढरीस, क्वचित् काशीसही, जाऊन येई. तांब्यांतलें पाणी संपलें तर पुढच्या गांवीं विहीर असे, आणि ती कोणाची हें विचारण्याची सोयही असे.

तासगांवचे धनी परशुरामभाऊ पटवर्धन यांचें सारें आयुष्य स्वाऱ्यांत गेलें. पेशव्यांच्या या सरदारानें कर्नाटकांत खोलवर मोहिमा केल्या, आणि तिकडील देवळांचा थाट मनांत ठेवून त्यानें तासगांवीं उजव्या सोंडेच्या गणपतीचें देऊळ उभारलें. त्या देवळाचें सातमजली गोपुर आजही दुरून दिसतें. महाराष्ट्राच्या भूमीवर तें दक्षिणेकडून प्रवासांत आणलेल्या वस्तूसारखें शोभतें. पण या साऱ्या स्वाऱ्या भूमीवरच्या होत्या. लष्कराबरोबर बुणगे असत, बाजार असे, भटजी असत. नदीकांठीं तळ पडला कीं आपलें पाणी, आपली चूल आणि आपली पंगत तेथेंच मांडली जाई. परमुलूख कितीही दूर असला तरी घर बरोबर चालत असे.

समुद्र ओलांडतांच हा बंदोबस्त कोसळे. कलियुगांत वर्ज्य म्हणून धर्मग्रंथांनीं ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांत समुद्रयान करणाऱ्या द्विजाचा प्रायश्चित्तानंतरही पंक्तींत स्वीकार करणें ही एक होती. जहाजावर चूल परक्याची, पाण्याचीं पिंपें परक्याचीं, आणि शेजारीं कोण बसेल याचा नेम नाहीं. तेव्हां प्रवाशाच्या सामानाला एक वेगळाच अर्थ आला. विलायतेंत थंडी किती, तेथें खावयास काय मिळतें, हे प्रश्न दुय्यम ठरले. परत आल्यावर घरचीं माणसें आपल्याला पाटावर बसवतील काय, हा पहिला प्रश्न झाला. आणि पेटी त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून भरली जाऊं लागली.

याचें जुनें उदाहरण परशुरामभाऊंच्याच काळांतलें आहे. इ. स. १७८१ च्या एप्रिलांत भाऊ, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर हे बोरघाटाखालीं माघार घेणाऱ्या जनरल गॉडर्डच्या फौजेस हैराण करीत होते. त्याच वर्षीं ज्याच्या पक्षापायीं हें युद्ध पेटलें त्या रघुनाथरावाचा वकील हणमंतराव इंग्लंडांत होता. हणमंतराव ब्राह्मण, त्याच्याबरोबर मणियार नांवाचा पारशी व त्याचा मुलगा होता. लंडनांत त्यांचे हाल होत आहेत असें पाहून प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क यानें त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं नेलें, आणि झाडांसाठीं बांधलेलें कांचगृह त्यांच्या स्वयंपाकास व जेवणास मोकळें करून दिलें. इंग्लंडच्या एका बागेंत, कांचेच्या भिंतींच्या आड, पुण्याकडच्या एका ब्राह्मणाचें सोवळें मांडलेलें होतें! आपला आचार आपण कोठेंही सोडला नाहीं, असें सांगण्याची सोय त्यानें जपली होती. तरीही परत आल्यावर त्याची सुटका झाली नाहीं. रघुनाथरावाच्या वकिलांना सुवर्णाच्या योनिप्रतिमेंतून बाहेर काढून, म्हणजे जणूं नवा जन्म देऊन, मग जातींत घेतलें, असें तत्कालीन इंग्रज लेखकानें लिहून ठेविलें आहे.

पुढें तासगांवचें संस्थान १८४८ सालीं खालसा झालें आणि त्याच सालीं सातारचें राज्यही गेलें. त्या राज्यासाठीं भांडावयास रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले होते. छत्रपति प्रतापसिंहांना १८३९ मध्यें पदच्युत केल्यानंतर त्यांची दाद मागण्यासाठीं गेलेला हा वकील १८४० पासून १८५३ पर्यंत तेथेंच राहिला. तेरा वर्षें पुरेल अशी शिदोरी कोणत्याही पेटींत मावत नाहीं. धनी वारला, राज्य बुडालें, पैका संपला, कर्ज झालें. आणि अखेर परतीच्या वाटेसाठीं ज्या कंपनीविरुद्ध ते भांडत होते तिच्याच पैशाचा आधार घ्यावा लागला. त्यांनीं बरोबर नेलेलें खरें सामान म्हणजे धन्याच्या दाव्याचे कागद. ते मात्र त्यांनीं अखेरपर्यंत खालीं ठेवले नाहींत.

१८६९ च्या नोव्हेंबरांत सुवेझचा कालवा खुला झाला आणि महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. दुसऱ्याच वर्षीं तासगांवच्या शेजारचे कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज युरोपला निघाले. वय अवघें वीस वर्षांचें, बरोबर कॅप्टन वेस्ट हा इंग्रज अधिकारी आणि पदरचीं माणसें. महाराजांनीं प्रवासाची रोजनिशी ठेविली. ती त्यांच्या मागें १८७२ मध्यें छापून निघाली. मागें, कारण महाराज परत आलेच नाहींत. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटालींतील फ्लॉरेन्स शहरीं त्यांचें निधन झालें. त्या शहरानें हिंदूचें दहन कधीं पाहिलेलें नव्हतें. अधिकाऱ्यांची परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर बरोबरच्या माणसांनीं चिता रचली. संगम तर संगमच. पण तो पंचगंगेचा नव्हता. परतण्याची एवढी चिंता वाहणाऱ्या त्या काळच्या प्रवाशांत, न परतण्याची तयारी कोणी पेटींत घालीत नसे. त्या जागीं १८७४ मध्यें उभारलेली महाराजांची छत्री अजून आहे, आणि शेजारच्या पुलाला तेथील लोक हिंदी माणसाचा पूल म्हणतात.

राजांना लवाजमा नेतां येई. सामान्य घरची एकटी बाई निघाली म्हणजे काय, हें १८८३ सालीं आनंदीबाई जोशी यांनीं दाखविलें. कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथें त्यांनीं जाहीर व्याख्यान दिलें आणि आपण अमेरिकेला कां जातो, जातीचें भय वाटत नाहीं काय, या प्रश्नांना भर सभेंत उत्तरें दिलीं. आपण येथें जशा राहतों तशाच तेथें राहूं, हा त्यांचा निर्धार होता. ७ एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. सोबतीला मिशनरी बायका, जहाजावरील ताटांतलें बहुतेक अन्न त्यांना वर्ज्य. पेटींत लुगडीं होतीं. पण पेन्सिल्व्हानियाचा हिंवाळा नऊवारीला ठाऊक नव्हता. पोटऱ्या उघड्या टाकणारें आपल्याकडचें नेसणें सोडून त्यांनीं पाय झांकणारें गुजराती वळणाचें नेसणें पत्करलें. लुगडें राहिलें, नेसण बदललें. व्रत आणि हवा यांमध्यें काढलेली ही तडजोड जपूनही त्यांची प्रकृति मात्र वांचली नाहीं. १८८६ च्या मार्चांत त्या डॉक्टर झाल्या, वर्षअखेर क्षयाचें दुखणें घेऊन परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या. परदेशीं आपण काय सोडलें नाहीं याचा हिशेब देशाला देण्यांत किती शक्ति खर्ची पडली, हें त्यांच्या पेटीनें सांगितलें असतें.

समुद्र न ओलांडतांही हा हिशेब चुकत नसे. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत चाळीसांहून अधिक प्रतिष्ठित मंडळी जमली असतां त्यांच्यापुढें चहाबिस्किटें आलीं. कोणीं घेतला, कोणीं नुसता हातांत धरला. पुढें ही यादी वर्तमानपत्रांत आणून गांवभर गाजविली ती आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनींच. ग्रामण्य उभें राहिलें, आणि रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला. घोटभर चहा म्हणजे तरी काय, परक्याच्या चुलीवरचें पाणीच कीं!

पाण्याच्या या भीतीची परिसीमा राजपुतान्यांत झाली. १९०२ मध्यें सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणास जयपूरचे महाराजा माधोसिंह निघाले, तेव्हां त्यांनीं ऑलिंपिया हें नवें जहाज भाड्यानें घेतलें आणि चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल भरून नेलें. प्रत्येक घागर चांदीचीं सुमारें चौदा हजार नाणीं वितळवून केलेली, वजन ३४५ किलो. त्यांतल्या दोन घागरी आज जयपूरच्या राजवाड्यांत मांडलेल्या असून पाहुणे त्यांचें कौतुक करितात. दशमी करणाऱ्या बाईनें जो पेंच मूठभर दुधानें सोडविला होता, तोच पेंच सोडवावयास येथें चांदीचा डोंगर लागला.

त्यानंतर मात्र ओझें झपाट्यानें उतरत गेलें. तासगांवाजवळ, कुंडल स्टेशनापाशीं, औंध संस्थानच्या माळावर १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. त्या वाडींतून शंतनुराव किर्लोस्कर १९२२ मध्यें यंत्रविद्या शिकावयास अमेरिकेला गेले आणि १९२६ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रशाळेची पदवी घेऊन आले. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या प्रवासासाठीं सभेपुढें उभें राहून जबाब द्यावा लागला होता, त्याच प्रवासाहून परतलेल्या तरुणाला कारखान्यांतलीं यंत्रें वाट पाहत होतीं. समुद्र तोच होता. पलीकडून काय आणलें, हें लोक आतां विचारूं लागले होते. पलीकडे काय प्याला, हें विचारणारे थोडे उरले.

आज तासगांव सांगली जिल्ह्यांत आहे, आणि तेथील मुलें-मुली शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं, म्हातारे आईबाप नातवंडांना पाहण्यासाठीं आणि सारें कुटुंब नुसत्या सहलीसाठींही परदेशीं जातें. आतां पहारा घरच्या उंबरठ्यावर नाहीं, सरहद्दीवर आहे. हणमंतरावाला पासपोर्ट ठाऊक नव्हता. तो आतां पेटींतला पहिला जिन्नस, आणि त्यामागोमाग व्हिसा, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधें, गरम कपडे. मौज अशी कीं पाण्याची अडवणूक पुन्हां आलीच. २००६ मध्यें विमानांत द्रवरूप स्फोटकें नेण्याचा कट ब्रिटनमध्यें उघडकीस आल्यापासून बहुतेक विमानतळांवर हातांतल्या सामानांत शंभर मिलिलिटरपेक्षां मोठी द्रवाची बाटली नेऊं देत नाहींत. फिरकीचा तांब्या आज असता तर तपासणीच्या दारींच रिकामा करावा लागला असता! दुधादह्याचे, फळफळावळीचे पदार्थ अनेक देश आंत घेत नाहींत; ऑस्ट्रेलियासारख्या देशांत वाळल्या मेव्याचीही नोंद उतरतांना द्यावी लागते. तेव्हां आजही शहाणी गृहिणी जुन्याच वाटेनें जाते: भाजलेलें, तळलेलें, वाळविलेलें, कोरडें आणि नीट बांधलेलें.

सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ आपल्या लोकांनीं परदेशच्या पेट्या भरल्या, आणि त्यांतला जड भाग घराच्या धाकानें भरला. तो धाक ओसरल्यावर पेटींत जागा झाली. ती कशानें भरावी हें आतां ज्याचें त्यानें ठरवावयाचें आहे. परंतु निरोप देतांना कोणीतरी सामानाच्या कोपऱ्यांत बेदाण्याची एक पुडी सरकवतें, ती धाकानें नव्हे. परत ये, पाट मांडलेला आहे, एवढेंच ती पुडी सांगते. आणि ज्या काळीं हें सांगण्याची मुभा नव्हती त्या काळच्या प्रवाशांनीं त्यासाठीं चांदीच्या घागरी आनंदानें रिकाम्या केल्या असत्या.