निमंत्रण आणि हक्क : बालेवाडीतील एका दिवसाच्या निमित्ताने

३० जानेवारी २०२२ रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचे दोन उपउपांत्य सामने झाले. एकात जी सो-युनने अखेरच्या मिनिटांत केलेल्या गोलच्या जोरावर दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवले. दुसऱ्यात फिलिपिन्सने चायनीज तैपेईवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात केली आणि विश्वचषकाचे दार प्रथमच उघडले. एका देशाच्या क्रीडाइतिहासातील एवढी मोठी घटना पुण्याच्या वेशीवर घडली. पण ती पाहायला स्टँडमध्ये कोणी नव्हते. करोनाच्या साथीमुळे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता.

साथ हे कारण खरेच होते. तरीही ती रिकामी आसने आम्हांला एका जुन्या प्रश्नाकडे घेऊन जातात. महिलांच्या फुटबॉलमध्ये मैदानावर येण्याचा अधिकार कुणाचा, आणि तो देणार कोण? पुरुषांचा खेळ बहुतांशी लीगच्या चौकटीत वाढला. तिथे गुण मिळवणाऱ्याला पुढची पायरी हक्काने मिळते. महिलांच्या खेळाचा इतिहास मात्र दीर्घकाळ निमंत्रणांचा इतिहास आहे. बोलावले तर जायचे, नाही बोलावले तर घरी.

ह्या इतिहासाचा आरंभ एका कारखान्यात सापडतो. इंग्लंडमधील प्रेस्टन गावच्या डिक, कर ह्या कारखान्यात पहिल्या महायुद्धात दारूगोळा तयार करणाऱ्या कामगार स्त्रियांनी १९१७ साली संघ उभारला. १९२० मध्ये ह्या संघाच्या निमंत्रणावरून फ्रान्सच्या स्त्रिया इंग्लंडमध्ये खेळायला आल्या. त्याच वर्षीच्या २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, करच्या सामन्याला सुमारे ५३ हजार प्रेक्षक जमले. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. म्हणजे प्रेक्षक होते, खेळ होता, पैसाही जमत होता. नव्हता तो हक्क.

पुढे दारे पुन्हा उघडली तीही निमंत्रणांनीच. १९८० साली कालिकतला भरलेल्या आशियाई महिला स्पर्धेत यजमान भारताचे दोन संघ उतरले होते आणि त्यांतला एक उपविजेता ठरला. त्या काळी ही स्पर्धा आशियाई फुटबॉल महासंघाची नव्हती, महिलांच्या स्वतंत्र संघटनेची होती. १९८८ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात फिफाने बारा देशांना बोलावून एक स्पर्धा घेतली. ती यशस्वी झाली म्हणून १९९१ साली त्याच प्रांतात पहिला अधिकृत महिला विश्वचषक भरला. क्लबांच्या बाबतीत असाच प्रयत्न जपानने केला. २०१२ ते २०१४ ह्या तीन वर्षांत तिथे निरनिराळ्या खंडांतील महिला क्लबांना बोलावून आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. फ्रान्सचा लियाँ, कोबेचा आयनॅक आणि ब्राझीलचा साओ जोसे हे तिचे क्रमवार विजेते. तीन वर्षांनंतर ती स्पर्धा उरली नाही. निमंत्रणाचा स्वभावच असा आहे. यजमानाचा उत्साह किंवा खिसा आटला की पंगत उठते.

बालेवाडीकडे परतताना हे लक्षात ठेवायला हवे. २०२२ च्या स्पर्धेत भारताला प्रवेश मिळाला तो यजमान म्हणून. इराणशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर करोनाची लागण संघात पसरली. २३ जानेवारीला किमान तेरा खेळाडू उभे करता आले नाहीत आणि यजमानच स्पर्धेबाहेर गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. हा प्रवेश भारतीय महिला लीग जिंकून, हक्काने मिळवलेला होता. परंतु फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले आणि त्या मुलींना न खेळताच परतावे लागले. २६ ऑगस्टला निलंबन उठले, तोवर त्यांची संधी गेली होती. कारभाऱ्यांच्या भांडणाची किंमत, ज्यांचा त्या कारभाराशी काहीच संबंध नव्हता, त्यांनी मोजली.

आता आपल्या परिसराविषयी. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले. मुळा नदी ओलांडली की वाकड, आणि वाकडपासून पिंपरी-चिंचवड. तिथून भोसरी-मोशीवरून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग. भारतीय महिला लीगच्या २०१६-१७ च्या पहिल्या हंगामात एफसी पुणे सिटीचा महिला संघ खेळला होता. २०१९ मध्ये तो क्लबच विसर्जित झाला. तीन वर्षांनी आशियातील सर्वोत्तम संघ ह्याच शहरात आले, तेव्हा त्यांच्याकडे पाहून ‘आमचाही क्लब आहे’ असे म्हणायला पुणे सिटीच्या मुली उरल्या नव्हत्या.

कारखाना आणि फुटबॉल ह्यांचे नाते महाराष्ट्राला अपरिचित नाही. मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र ही मुंबईच्या फुटबॉलमधील एकेकाळची मोठी नावे. पण ती पुरुष संघांची. ह्या नात्याने खेळाडूला नोकरी दिली, नोकरीने सरावाला स्थैर्य दिले. प्रेस्टनच्या स्त्रियांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या पायावर संघ उभा केला, तो पाया चाकण-पिंपरीत आज तयार आहे. तिथे यंत्रांवर स्त्रियाही काम करतात. उणीव आहे ती इच्छेची.

५ जुलै २०२५ रोजी चियांग माईला संगीता बासफोरच्या दोन गोलांमुळे भारताने थायलंडला २-१ असे हरवले आणि पात्रता फेरी खेळून आशियाई स्पर्धेत प्रथमच स्थान मिळवले. यजमानपदाचा आधार न घेता मिळालेली ही जागा. पाहुण्यांना बोलावणे हे मोठेपणाचे लक्षण खरेच. पण ज्या गावात स्वतःचा संघ नाही, त्या गावाचा पाहुणचार शेवटी मैदान भाड्याने देण्याइतकाच उरतो. पुढची आंतरराष्ट्रीय स्पर्धा बालेवाडीत कधी येईल ह्यापेक्षा, ती येईल तेव्हा नदीपलीकडच्या मुली तिच्यात कोणत्या नात्याने असतील, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.