मत्स्यबीजाची गोष्ट

कटला मासा तळ्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही एकत्र वाढवता येतात. पण साचलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली चढती, वाहती नदी लागते. त्यामुळे मत्स्यशेती दीर्घकाळ नदीच्या मर्जीवर चालली. बंगाल-बिहारात पुराच्या पाण्यात बारीक जाळी लावून मत्स्यजिरे, म्हणजे बीज म्हणून तळ्यात सोडायची नुकतीच जन्मलेली पिल्ले, गोळा करत. त्यात हिंस्र जातींची पिल्लेही मिसळून येत आणि तळ्यातल्या माशांवरच वाढत.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवले. भारतीय मत्स्यशेतीत याहून मोठा टप्पा दाखवणे अवघड आहे. बीज आता शेतकऱ्याच्या बांधावर तयार होऊ लागले.