वेंगुर्ले : वाट बदललेले बंदर

गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवता यावी, या हेतूने सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाकडून हे बंदर इंग्रजांकडे आले. घाटावरचा माल बेळगावहून उतरून येथे जहाजात चढे. पुढे १८८० च्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि व्यापार तिकडे वळला. बैलगाडीने आगगाडीशी स्पर्धा करावी तरी कशी? वेंगुर्ल्याच्या ऱ्हासाचा दोष स्थानिक कारभाराला देणे मला अन्यायाचे वाटते. निर्णय गावाबाहेर झाला होता. २०११ च्या जनगणनेनुसार या मालवणी-भाषक नगराची लोकसंख्या सुमारे १२ हजार. नगरपरिषद मात्र टिकून आहे. आज वेंगुर्ल्याचे नाव दूरवर पोहोचते ते येथील फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या काजूच्या जातींमुळे : वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७.