गोष्ट कुठून धरायची

आमच्या घरी मलिदा दोन तऱ्हेचा व्हायचा. एक पोह्यांचा, एक चपातीचा. पोह्यांचा आजीनं माहेरून आणलेला, म्हणजे घाटाखालून. चपातीचा घाटावरचा. जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की आमचा बुलडाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगरानं मधोमध कापलाय. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. आजी खामगावकडची. लग्न होऊन देऊळगाव राजाच्या पंचक्रोशीत आली, पण मरेपर्यंत ‘मले’, ‘तुले’च बोलली.

तिचे वडील खामगावात एका जिनात कारकून होते. खामगावचा कापूस एके काळी एवढा, की त्याच्यासाठी जलंबपासून आठ मैलांचा वेगळा रेल्वेफाटा 1870 मध्येच टाकला गेला. त्या फाट्यावर एक गार्डसाहेब होते. मूळचे कोकणातले, अलिबागकडचे. त्यांची मुलगी, जिला आजी ‘गार्डीन’ म्हणायची, आणि आजी एका वयाच्या, बहुधा एकाच वर्षी गोवर आलेल्या. हे लोक शनिवारी चूल पेटवत नसत, आदल्या दिवशीचंच खात. आजीला वाटायचं, यांचा मारुतीचा उपास असेल. मुलीच्या आईनं सांगितलं, की आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणतात. आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात बाया आणि सात पुरुष वाचले, त्यांचे आम्ही. किती शतकांपूर्वी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. घाणे चालवले, तेल काढलं, गावांच्या नावावरून पेणकर, किहीमकर, रोहेकर झाले. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. आमच्याकडे ओला नारळ कुठला, म्हणून आजी सुकं खोबरं किसून घालायची आणि दर वेळी म्हणायची, “गार्डिनीच्या हातचा याच्याहून मऊ लागे.”

चपातीच्या मलिद्याची गोष्ट 1948 ची. मी तेव्हा जन्माला यायचा होतो, त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव. आजी, आजोबा आणि थोरली आत्या, तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलेलं. जिथं तिघांचं जुळतं तेवढंच धरतोय.

आमच्या गावापासून मोगलाई जवळ. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. आमच्याकडची म्हातारी माणसं आजही जाफ्राबाद, भोकरदनला मोगलाईच म्हणतात. आम्ही वऱ्हाडात, म्हणजे 1853 पासून इंग्रजांकडे. नावाला मात्र निजामाचेच. 1936 मध्ये त्यानं आपल्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळवून दिला. या युवराजाची बायको कोण, हे आजोबा फार रंगवून सांगत. तुर्कस्तानचा शेवटचा खलिफा अब्दुलमजीद, त्याची लेक दुर्रुशेवार. लग्न 1931 साली फ्रान्सात, नीस शहरात झालं. ज्यांच्या घराण्यानं जेरुसलेमवर चारशे वर्षं राज्य केलं त्यांची मुलगी वऱ्हाडची युवराज्ञी! आजोबा म्हणत, “आपली सून हाय ती एका हिशोबानं.” तिनं आमचं गाव कधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

तर 1948. वैशाखात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी जाफ्राबादकडच्या एका गावात आजोबांच्या मामांची कडब्याची गंजी पेटवली. मामा बायकापोरं घेऊन रात्रीतून आमच्या वाड्यावर आले. असे कितीतरी लोक तेव्हा सरहद्द ओलांडून वऱ्हाडात येत होते. मामांचा मुक्काम गोठ्यालगतच्या पडवीत. मग गणपतीच्या दिवसांत, 13 सप्टेंबरला, हिंदुस्थानचं लष्कर हैदराबादेत शिरलं आणि 17 तारखेला निजाम शरण आला. मामांनी गावभर गूळ वाटला. चारच दिवसांनी रात्री दाराशी पिंजारी उभा.

हा मुसलमान पिंजारी मोगलाईतलाच. दर वर्षी दिवाळीनंतर पिंजण खांद्यावर टाकून यायचा, आमच्या गाद्या पिंजून द्यायचा. त्याच्या गावात आता उलटं वारं सुटलं होतं. त्यानं कुणाची गंजी पेटवली नव्हती, पण ते विचारायला कुणाला वेळ होता? पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्या दिवसांत मारल्या गेलेल्यांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशकं उघड झाला नाही. आमच्या घरी मात्र त्याचं एक पान चालत आलं होतं: पिंजारी, बायको, तीन लेकरं आणि तांब्याची एक देग.

मामा संतापले. “याच्यासाठी आम्ही घर सोडलं का?” आजोबा गप्प राहिले, ते घरातल्या भांडणात नेहमीच गप्प राहत. आजीनं भाकरी टाकल्या. आजी काही संत नव्हती. पिंजाऱ्याच्या पोरांना तिनं वरून पाणी वाढलं, त्यांची पंगत वेगळी मांडली आणि ते गेल्यावर जागा शेणानं सारवून घेतली. हे तिनंच मला सांगितलं, लपवलं नाही. पण आठ दिवस दोन्ही घरांना एकाच टोपल्यातली भाकर आणि एकाच कढईतलं पिठलं दिलं. जाण्याआधीच्या जुम्म्याला पिंजाऱ्याच्या बायकोनं चपात्या कुस्करून गूळ-तुपाचा मलिदा केला, फातेहा दिला, आजीच्या ओच्यात घातला. आजीनं तो खाल्ला का, हे मी विचारलं नाही. पुढे मात्र ती तो दर वर्षी करायची.

आठवणीत राहिली ती रात्रीची बोलणी. मामा सांगायला लागले की वैशाखापासून सुरू करत: गंजी, धमक्या, रझाकारांचा पुढारी कासिम रझवी याची भाषणं. पिंजारी बोलायचा तर गणपतीपासून: दहाव्या दिवशी काय झालं, कोणती विहीर, कोण ओळखीचा त्यात होता. मामांच्या गोष्टीत भाद्रपद नव्हताच, पिंजाऱ्याच्या गोष्टीत वैशाख नव्हता. आजी म्हणायची, “दोघंबी खरंच सांगत व्हते बाप्पा. गोष्ट धरत व्हते येगयेगळ्या जागी.”

पिंजारी मलकापूरला गाडी धरायला निघाला तेव्हा देग ठेवून गेला. वाटेत ओझं नको, दिवाळीनंतर नेतो म्हणाला.

आता गार्डिनीकडे परत येतो. ती लग्न होऊन मुंबईला गेली आणि पुढे सगळं कुटुंब इस्राएलला. कधी, ते नक्की नाही. पहिलं पत्र मी चौथीत असताना आलं, म्हणजे 1963 च्या आसपास. आजीला वाचता येत नसे. निळं, पातळ कागदाचं पत्र, आणि आत आपलं मराठी! अक्षर वळणदार, ‘सप्रेम नमस्कार’, ‘वि. वि.’, सगळं जागच्या जागी. पत्ता लोद नावाच्या गावाचा. मला ते नाव आवडलं, लोध्यांच्या वस्तीसारखं वाटलं.

पहिल्या पत्रात तक्रारच फार. पाव वातड, पोहे मिळत नाहीत, मुलीचं लग्न ठरलंय तर तिथले धर्मपंडित आजी-पणजीचे दाखले मागतात, तुम्ही खरे यहुदी कशावरून म्हणतात. हे खरं होतं. 1962 पासून तिथल्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नांत अशी चौकशी लावली होती. जेरुसलेमात आपल्या मराठी माणसांनी त्याविरुद्ध धरणं धरलं, 1964 मध्ये सरकारला त्यांची बाजू घ्यावी लागली. त्याआधी काही कुटुंबं वैतागून 1952 मध्ये हिंदुस्थानात परतलीही होती. आजीला हे कळेचना. “इथं तिले कोनी काई इचारलं नाई. मंग गेलीच काहून?”

काहून गेली, याचं उत्तर मला मोठेपणी वाचून समजलं, आणि तेही अर्धंच. युरोपात 60 लाख यहुदी मारले गेले होते. इराकमधून 1950-51 मध्ये लाखाच्या वर यहुदी विमानांनी आले, घरंदारं मागं टाकून. आपलं म्हणावं असं एक तरी गाव जगात असावं, ही त्यांची भूक खोटी नव्हती. गार्डिनीला कुणी हाकललं नव्हतं हे खरं. पण नवगावच्या किनाऱ्यापासून तिच्या घरात रोज इस्राएलचंच नाव घेऊन प्रार्थना होत असे. आपल्याकडचा वारकरी पंढरपूर बघायला कुणी हाकलायची वाट बघतो का?

तिसरं की चौथं पत्र होतं, ते मात्र जवळजवळ पाठ आहे. घर सरकारी, दोन खोल्यांचं, बरं आहे. मागच्या बाजूला जुनी दगडी घरं, पडकी. तिथं अंजिराचं झाड आहे, फार गोड अंजीर, मुलं तोडून खातात. शेजारी एक अरब म्हातारी राहते, ती म्हणते झाड तिच्या चुलत्यानं लावलेलं. चुलता आता रामल्लाकडे छावणीत असतो, त्याला येऊ देत नाहीत.

मी वाचून संपवलं तरी आजी बोलेना. मग म्हणाली, “पुन्हा वाच. झाडाचं.”

लोदचं अरबी नाव अल-लिद. 1948 च्या जुलैत, आपल्याकडे आषाढी एकादशीला चार-पाच दिवस उरले असताना, इस्राएली फौजेनं लिद आणि शेजारचं रामला घेतलं आणि पन्नास हजारांहून जास्त माणसांना उन्हात पायी बाहेर काढलं. वाटेत तहानेनं लोक मेले. त्या वर्षाच्या आगेमागे एकूण सात लाखांवर फिलिस्तिनी असे बाहेर पडले. ते त्याला नकबा म्हणतात. इस्राएली माणूस हीच गोष्ट 1947 च्या नोव्हेंबरपासून सांगतो: संयुक्त राष्ट्रांनी फाळणी सुचवली, आम्ही मान्य केली, अरबांनी नाही केली, पाच देशांच्या फौजा आमच्यावर आल्या. (हिंदुस्थाननं त्या फाळणीविरुद्ध मत दिलं होतं; आपली फाळणी होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.) अरब माणूस म्हणतो, त्याच्या मागं जा, 1917 ला; आमचं गाव दुसऱ्याला देऊ करणारे इंग्रज कोण? यहुदी म्हणतो, त्याच्याही मागं जा, दोन हजार वर्षं.

आजीला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण लष्कराच्या त्या पोलीस ॲक्शननंतर ती मामांसोबत जाफ्राबादकडे गेली होती, आणि पिंजाऱ्याच्या घरात दुसऱ्याचा बैल बांधलेला तिनं पाहिला होता. तिनं मला उत्तर लिहायला बसवलं. माझ्या चौथी-पाचवीच्या अक्षरात ते गेलं: “अंजीर खा बाई, पोरांची तोंडं कशी धरशील? पण झाड कोनं लावलं ते पोराइले सांगत जाय.” मी ‘कोणी’ असं शुद्ध करून लिहिलं, याचं आता वाईट वाटतं.

उत्तर उशिरा आलं, 1967 च्या लढाईनंतर. मुलगा फौजेत होता, परत आला, देवाची कृपा. झाडाबद्दल एकच ओळ: मुलांना सांगितलं, पण ती ऐकत नाहीत. नंतर एक-दोन पत्रं आली आणि थांबली. लोद-रामल्यात आजही मराठी कुटुंबं आहेत, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही इस्राएलात चाललं. मी पत्ता शोधायला हवा होता. राहून गेलं.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, आणि त्यानंतर गाझात मेलेल्यांची मोजणी दहा-दहा हजारांनी होऊ लागली, त्यात लेकरं किती! आमच्या तालुक्याच्या गावातही मोबाइलवर दोन झेंडे फडकले. आमच्या शेतकऱ्याला इस्राएल म्हटलं की ठिबक आठवतं, संत्र्याच्या बागा आठवतात. जुम्म्याच्या नमाजाला जाणाऱ्याला फिलिस्तीन म्हटलं की जेरुसलेमची अक्सा मशीद, पहिला किबला. दोघंही एकमेकांना 7 ऑक्टोबर आणि 1948 फेकून मारत होते. माझा नातूही त्यात. मी त्याला अंजिराची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “आबा, पण तुम्ही कोणाच्या बाजूनं?” मी म्हटलं, ज्यानं ओलीस नेले त्याच्या बाजूनं नाही, आणि ज्यानं भुकेल्या गावावर बॉम्ब टाकले त्याच्याही नाही, गार्डिनीच्या बाजूनं आहे आणि तिच्या शेजारणीच्या. त्याला ते उत्तर वाटलं नाही. मोबाइलवर लावता येण्याजोगं ते नव्हतंच.

पिंजारी दिवाळीनंतर आला नाही. पुढच्याही दिवाळीला नाही. देग अजून आमच्या माळ्यावर आहे. कल्हई उडालीय, एका कडीचा खिळा सुटलाय. आजीनं ती कधी वापरली नाही, मोडीतही दिली नाही. मामांचं गाव, त्यांच्या बैलांचीसुद्धा नावं घरात सगळ्यांना पाठ आहेत. पिंजाऱ्याचं नाव आमच्यापैकी कुणीच आजीला विचारलं नाही. तुमच्याही माळ्यावर असं कुणाचं काही असेल आणि घरात एखादं ऐंशी-नव्वदीचं माणूस असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्याजवळ बसून नाव लिहून घ्या.