इंडी मोटार शर्यती : दोन मालिकांतील दुही
अमेरिकेत उघड्या चाकांच्या, एकआसनी मोटारींच्या शर्यतींची जी राष्ट्रीय मालिका चालते, तिला इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांच्या शर्यतीवरून इंडी मोटार शर्यती असे नाव पडले. १९९६ ते २००८ या बारा वर्षांत ही मालिका दोन प्रतिस्पर्धी मालिकांत दुभंगली होती. एका मालिकेकडे ती विख्यात शर्यत होती. दुसरीकडे ती जिंकू शकणारे बहुतेक नामांकित चालक होते. प्रेक्षकांना या दोन्ही गोष्टी एकत्र पाहण्याची सवय होती. या खेळाच्या लोकप्रियतेला लागलेली ओहोटी आणि त्याच्या भवितव्याविषयीची चर्चा यांचे मूळ बव्हंशी या दुहीत आहे.

इंडियानापोलिसचा शर्यतमार्ग १९०९ मध्ये बांधण्यात आला व त्याच वर्षी त्यावर विटांची फरसबंदी झाली. त्याची लांबी अडीच मैल (सु. ४ किमी.) असून आकार कोपरे गोलावलेल्या आयतासारखा आहे. पहिली पाचशे मैलांची शर्यत १९११ मध्ये झाली. ती रे हॅरून याने ताशी सु. १२० किमी. या सरासरी वेगाने जिंकली. पुढे या शर्यतीभोवती एक लोकोत्सवच उभा राहिला. तीन-तीन मोटारींच्या अकरा रांगा, म्हणजे एकूण तेहतीस मोटारी, हा तिचा ठरलेला मांड होय. या तेहतीस जागा चार फेऱ्यांच्या सरासरी वेगावरून मिळत आणि नंतर आलेल्या वेगवान मोटारीने आधीच्या संथ मोटारीला यादीबाहेर ढकलणे हे प्रत्यक्ष शर्यतीइतकेच कुतूहलाने पाहिले जाई. विजेत्याने दूध पिण्याची प्रथाही प्रसिद्ध आहे. १९४५ मध्ये टोनी हल्मन या उद्योगपतीने हा मार्ग विकत घेतला आणि त्यानंतर सु. पंचाहत्तर वर्षे तो त्याच्या कुटुंबाच्या मालकीचा राहिला.

शर्यतींचे नियमन प्रथम अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन करीत असे. १९५५ मधील भीषण अपघातांनंतर तिने अंग काढून घेतले व हे काम युनायटेड स्टेट्स ऑटो क्लबकडे आले. सत्तरीच्या दशकात मोटारींचा खर्च झपाट्याने वाढला. त्या मानाने बक्षिसे व प्रक्षेपणाचे उत्पन्न तोकडे राहिले. १९७८ मध्ये डॅन गर्नी या चालक व संघमालकाने या तक्रारींचे एक टिपण मांडले. त्यातून रॉजर पेन्स्की, पॅट पॅट्रिक प्रभृती संघमालकांनी ‘चॅम्पियनशिप ऑटो रेसिंग टीम्स’ (यापुढे ‘कार्ट’) ही संस्था स्थापून १९७९ मध्ये स्वतंत्र मालिका सुरू केली. त्या वर्षी इंडियानापोलिसने नाकारलेल्या कार्टच्या संघांना न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश मिळाला. हळूहळू तडजोड झाली : मे महिन्यातील शर्यत क्लबने चालवावी व उरलेली मालिका कार्टने.

ही व्यवस्था सु. दीड दशक टिकली व तोच या खेळाचा सर्वांत भरभराटीचा काळ ठरला. लंबवर्तुळाकृती मार्ग, शहरांतील रस्ते आणि वळणावळणांचे कायम मार्ग अशा तिन्ही प्रकारांत एकाच चालकाची कसोटी लागे. मारिओ अँड्रेटी, एमर्सन फिटिपाल्डी असे जागतिक विजेते त्यात उतरले. नायजेल मॅन्सेल हा फॉर्म्युला वनचा १९९२ चा विश्वविजेता पुढच्याच वर्षी अमेरिकेत आला आणि पहिल्याच प्रयत्नात कार्टचे अजिंक्यपद मिळवून गेला.

हल्मनचा नातू टोनी जॉर्ज १९९० मध्ये शर्यतमार्गाचा अध्यक्ष झाला. कार्टवर संघमालकांचे वर्चस्व आहे, खर्च बेसुमार वाढला आहे आणि लहान देशी मार्गांवर तयार होणाऱ्या अमेरिकन चालकांना संधी उरलेली नाही, असे त्याचे आक्षेप होते. ते निराधार म्हणता येत नाहीत. जेफ गॉर्डन हा इंडियाना राज्यात वाढलेला गुणी चालक ‘नॅसकार’ या बंद बांधणीच्या स्टॉक मोटारींच्या मालिकेकडे वळला होता आणि १९९४ मध्ये इंडियानापोलिसला झालेली नॅसकारची पहिली शर्यत त्यानेच जिंकली. जॉर्जने त्याच वर्षी ‘इंडी रेसिंग लीग’ची घोषणा केली, परंतु त्याने योजलेला उपाय रोगापेक्षा महागात पडला.

लीगने १९९६ च्या शर्यतीतील तेहतीसपैकी पंचवीस जागा आपल्या गुणतालिकेतील चालकांसाठी राखून ठेवल्या. कार्टच्या संघांनी याचा अर्थ बहिष्कार असा घेतला आणि २६ मे १९९६ या त्याच दिवशी मिशिगन येथे स्वतःची पाचशे मैलांची शर्यत भरविली. श्रेष्ठ चालक आपल्याकडे आहेत, हे जगाला दाखविण्याचा तो दिवस होता. प्रत्यक्षात निशाण पडण्यापूर्वीच पुढच्या रांगेतील मोटारी एकमेकींवर आदळल्या व अनेकांना राखीव मोटारी बाहेर काढाव्या लागल्या. अशाच राखीव मोटारीतून जिमी व्हॅसर जिंकला. इकडे इंडियानापोलिसला पहिल्या स्थानाचा मानकरी स्कॉट ब्रेटन सरावात मृत्युमुखी पडला होता. शर्यत बडी लेझियर याने जिंकली. आरी लायंडाइक याने पात्रता फेरीत नोंदविलेला ताशी सु. ३८१ किमी.चा विक्रम २०२५ पर्यंत अबाधित राहिला आहे. पण त्या वर्षी तो पाहणाऱ्यांचे मन दुसऱ्याच प्रश्नात गुंतलेले होते. पुढील वर्षी राखीव जागांमुळे अधिक वेगवान मोटारी बाहेर राहू लागल्या, तेव्हा दोन मोटारी वाढवून पस्तीस सोडाव्या लागल्या. ज्या चुरशीसाठी लोक मे महिनाभर येत, तिचाच अर्थ अशा रीतीने गेला.

१९९७ पासून लीगने टर्बोविरहित, चार लिटरची एंजिने व स्वस्त सांगाडे सक्तीचे केले. कार्टने आपली २·६५ लिटरची टर्बो एंजिने चालू ठेवली. दोन्ही पक्षांच्या समर्थकांना अभिमान बाळगण्याजोगे काही ना काही होतेच. २००२ मध्ये शिकागोलँड येथील लीगची शर्यत सॅम हॉर्निशने अवघ्या ०·००२४ सेकंदाने जिंकली. कार्टकडे मार्गांचे वैविध्य व परदेशी तारे होते. तथापि वेगाला आवर घालणे तिला जमले नाही. २००१ मध्ये टेक्सास येथे चालकांना वळणांवर भोवळ येऊ लागल्याने शर्यतच रद्द करावी लागली. ‘इंडी कार’ हे नावही वादात सापडून २००२ अखेरपर्यंत दोघांनाही वापरता आले नाही. सामान्य माणसाला खेळाचे नावच सांगता येऊ नये, यापेक्षा मोठे नुकसान कोणते? या गोंधळाचा लाभ नॅसकारला झाला.

पुरस्कर्त्यांना मे महिन्यात इंडियानापोलिसला दिसणे आवश्यक वाटे. चिप गनासीचा संघ २००० मध्ये तेथे परतला आणि त्याच्या हुआन पाब्लो मोंतोया याने शर्यत सहज जिंकली. पेन्स्की २००२ मध्ये लीगमध्ये पूर्णपणे दाखल झाला. होंडा व टोयोटा हे एंजिननिर्माते पुढच्या वर्षी आले. १९९८ मध्ये शेअरबाजारात उतरलेली कार्ट २००३ अखेर दिवाळखोरीत निघाली. लीगनेही तिच्या मालमत्तेवर बोली लावली होती. पण न्यायालयाने ती संघमालकांच्याच एका गटाला दिली व मालिका ‘चॅम्प कार’ या नावाने चालू राहिली. तिची २००४ ते २००७ ही चारही अजिंक्यपदे सेबास्तियाँ बूर्दे या फ्रेंच चालकाने मिळविली. फेब्रुवारी २००८ मध्ये एकीकरण झाले. वेळापत्रकांचा मेळ न बसल्याने २० एप्रिल २००८ रोजी एकाच मालिकेच्या दोन शर्यती दोन खंडांत झाल्या : जपानमधील मोतेगी येथे डॅनिका पॅट्रिक व लाँग बीच येथे विल पॉवर विजयी झाले आणि दोन्हींचे गुण धरण्यात आले.

एकीकरणाने गेलेले प्रेक्षक आपोआप परतले नाहीत. त्यांतील अनेकांची सवय मोडली होती व एक नवी पिढी या शर्यती न पाहताच वाढली होती. शिवाय आता नॅसकारबरोबर फॉर्म्युला वनचेही आव्हान आहे. ऑस्टिन (२०१२), मायामी (२०२२) व लास व्हेगस (२०२३) अशा तिच्या तीन शर्यती अमेरिकेत होऊ लागल्या असून दूरचित्रवाणीवरील मालिकांमुळे तरुण वर्ग तिच्याकडे आकृष्ट झाला आहे. इंडी शर्यतींचे बलस्थान अजूनही मे महिन्यातील ती एक शर्यतच आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत तिला सु. सत्तर लाख दूरचित्रवाणी-प्रेक्षक लाभले. मालिकेतील अन्य कोणतीही शर्यत याच्या जवळपास पोहोचली नाही. एका दिवसाचे आकर्षण वर्षभर पुरविणे ही तिच्या चालकांपुढील खरी अडचण होय. जानेवारी २०२० मध्ये शर्यतमार्ग व मालिका दोन्ही पेन्स्कीच्या कंपनीने विकत घेतली, म्हणजे १९७८ च्या बंडखोरांपैकीच एक जण अखेरीस मूळ घराचा मालक झाला. २०२५ मध्ये फॉक्स या प्रक्षेपण कंपनीने त्यात एकतृतीयांश वाटा घेतला. त्या वर्षीची पाचशे मैलांची शर्यत व अजिंक्यपद ही दोन्ही आलेक्स पालो या स्पॅनिश चालकाने जिंकली. मालिकेतील सतरा शर्यतींपैकी सहा लंबवर्तुळाकृती मार्गांवर झाल्या.