‘इंद्रसभे’त इंद्र नाही : एका शिल्पाच्या अर्थाचा शोध

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन आहेत. त्यांतील ३२ वे लेणे ‘इंद्रसभा’ म्हणून विख्यात आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर ओवरीच्या दोन टोकांना दोन भव्य मूर्ती आहेत. एक पुरुष वटवृक्षाखाली हत्तीवर आरूढ आहे, तर एक स्त्री आम्रवृक्षाखाली सिंहावर बसली आहे. हत्ती म्हणजे ऐरावत, म्हणून तो इंद्र आणि ती इंद्राणी, असा समज रूढ झाला. त्यावरून पडलेले नाव आजही टिकून आहे.

परंतु इंद्राणीचे वाहन सिंह नव्हे. सिंह, आम्रवृक्ष आणि मांडीवरील बालक ही तिन्ही लक्षणे अंबिका यक्षीची आहेत. कथेनुसार मुनींना आहारदान केल्याबद्दल तिला गृहत्याग करावा लागला, भुकेल्या मुलांसाठी आम्रवृक्ष फळाला आला आणि पुढे तिचा पतीच सिंहरूपाने तिचे वाहन झाला. देवी ओळखली की समोरचा स्थूलकाय देवही उलगडतो. तो धनाचा अधिष्ठाता सर्वानुभूती यक्ष होय. काही अभ्यासक त्याला मातंग यक्ष मानतात. प्राचीन जैन कलेत सर्वानुभूती व अंबिका ही जोडी अनेक तीर्थंकरांसोबत आढळते, हे उमाकांत शहा यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले आहे.

लक्षणांना ग्रंथांची जोड दिली की अर्थ अधिक खुलतो. या लेण्यांत उपसर्ग सहन करणारे पार्श्वनाथ आणि वेलींनी वेढलेले बाहुबली वारंवार समोरासमोर कोरलेले दिसतात. एकाची परीक्षा वैऱ्याने घेतली, दुसऱ्याने स्वतःच तपाने ती दिली. ही लेणी प्रामुख्याने नवव्या शतकातील, राष्ट्रकूटकालीन. त्याच शतकात, अमोघवर्षाच्या काळात, आचार्य जिनसेनांनी ‘पार्श्वाभ्युदय’ व ‘आदिपुराण’ रचले. पहिल्यात पार्श्वनाथांचा उपसर्ग आहे, तर दुसऱ्यात बाहुबलींचे तप. बाहुबलींच्या बाजूच्या दोन स्त्रिया दिगंबर परंपरेनुसार वेली दूर करणाऱ्या विद्याधरी, तर श्वेतांबर परंपरेनुसार बोध करणाऱ्या भगिनी ब्राह्मी व सुंदरी. म्हणून शिल्प कोणत्या परंपरेत घडले, हे आधी पाहावे लागते.

तिसरा आधार शिलालेखांचा. लेण्यांवरच्या डोंगरातील विशाल पार्श्वनाथमूर्तीवर शके ११५६ चा लेख आहे. त्यावरून ती मुख्य लेण्यांनंतर सुमारे चार शतकांनी घडली, हे निश्चित होते. लेख नसता तर तिची गणना राष्ट्रकूटकाळातच झाली असती.

गोंदिया जिल्ह्यालाही ही पद्धत अपरिचित नाही. आमगावजवळचे पदमपूर म्हणजे भवभूतीचे पद्मपूर, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले, तेही ग्रंथ, ताम्रपट आणि प्रत्यक्ष स्थळ यांची सांगड घालूनच.

मंदिरांतील जुन्या धातुप्रतिमांच्या पाठीवर संवत, प्रतिष्ठापक आणि आचार्य यांची नावे कोरलेली असतात. नित्य प्रक्षालाने ती अक्षरे झिजत जातात. ती वाचता येतात तोवरच त्यांची नक्कल व छायाचित्र नोंदवहीत जतन करणे, हे प्रत्येक मंदिराचे कर्तव्य ठरते. नोंद हरवली की मूर्ती राहते, पण तिची ओळख दुसऱ्यांच्या तर्कावर सोपवली जाते. ‘इंद्रसभा’ हे नाव त्याचीच साक्ष आहे.