गुळवेलीचे छाट कलम : मातृवेलीची ओळख आधी

खोडाचा तुकडा मातीत रोवून त्यापासून नवे झाड तयार करण्याच्या पद्धतीस छाट कलम म्हणतात. गुळवेल, अडुळसा आणि निर्गुंडी या तीन औषधी वनस्पती या पद्धतीने सहज वाढतात. हिरडा-बेहड्यासारख्या वृक्षांच्या जुन्या फांद्या मात्र सहसा मुळे धरत नाहीत; तेथे बियांचाच आधार घ्यावा लागतो.

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंडा हे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील मंडल-गाव. कडम नदीवरचा कुंतला धबधबा याच मंडलात आहे. भोवती सागाचे पानझडी जंगल, शेतात कापसाची काळी जमीन, आणि जिल्ह्यात तेलुगू, गोंडी, कोलामी व मराठी या भाषांचा शेजार. मराठी बोलणारा जिला गुळवेल म्हणतो, ती तेलुगूत तिप्पतीगा होते. गोव्यात तिला अमृतवेल म्हणून ओळखणारेही पुष्कळ आहेत. नावे बदलली तरी वेल एकच, असे गृहीत धरून तुकडे गोळा केले जातात. खरी अडचण तेथेच सुरू होते.

छाट कलमातून उगवणारे रोप हे मातृवेलीची हुबेहूब प्रत असते. बीजातून येणारे वैविध्य त्यात नसते. म्हणून मातृवेल चुकली, तर पुढची सारी लागवड चुकते. गुळवेलीच्याच कुळातील एक जात खोडावर ठळक, दाट गाठी धरते; दुसरीची कोवळी पाने खालून मखमली लव असलेली असतात. खऱ्या गुळवेलीची पाने हृदयाकृती व गुळगुळीत, खोडाची साल राखाडी व कागदासारखी सुटणारी, आणि आडवा छेद घेतल्यास चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसणारी असते. ही ओळख केवळ पुस्तकी नाही. गुळवेल सेवन केलेल्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती, हे तपासलेलेच नाही, असा आक्षेप तेव्हा आयुष मंत्रालयाने घेतला. वादाचा निकाल काहीही असो, ओळख न पटलेली वेल लावू नये आणि वैद्यकीय सल्ल्याविना तिचा काढा घेऊ नये, एवढे त्यातून निश्चित होते.

दुसरी गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. गुळवेलीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. एकाच वेलीचे शंभर तुकडे लावले, तर शंभरही एकाच लिंगाचे होतात आणि त्या कुंपणात लाल फळे कधीच धरत नाहीत. उन्हाळ्यात पाने झडलेल्या वेलीवर फुले येतात. नरफुले झुपक्यांनी, मादीफुले बहुधा एकेकटी असतात. त्याच वेळी दोन्ही वेलींवर खूण करून ठेवावी. औषधासाठी खोडच वापरले जात असल्याने लागवड करणाऱ्यास बी नसल्याची उणीव भासत नाही. जंगलाला मात्र ती भासते.

तुकडे घेण्याचा योग्य काळ पालवी फुटण्यापूर्वीचा, म्हणजे मे अखेर ते जून. त्या वेळी अन्नसाठा खोडात असतो. पेन्सिलीएवढे किंवा थोडे जाड, १५ ते २० सेंमी लांबीचे, दोन-तीन पेरांचे तुकडे घ्यावेत. मूळ फुटण्यास कारणीभूत संप्रेरक खोडातून खालच्या दिशेने वाहते, त्यामुळे तुकडा उलटा रोवल्यास तो बहुधा वाया जातो. वरचा काप तिरपा व खालचा सरळ ठेवला की गोंधळ टळतो. किमान एक पेर मातीत असावे. मुळे तेथून फुटतात. गुळवेलीची जीवनशक्ती विलक्षण: झाडावर तोडून लटकलेली वेलही सुतासारखी हवाई मुळे खाली सोडते.

अडुळशाचे तीन-चार पेरांचे अर्धपक्व तुकडे आणि निर्गुंडीच्या जून फांद्या याच रीतीने लागतात. दोन्हींची पाने जनावरे सहसा खात नाहीत, त्यामुळे शेताचे कुंपण आणि औषध एकत्र मिळते.

रोपे सुकण्यापेक्षा कुजण्यानेच अधिक दगावतात. नेरडीगोंड्याची काळी जमीन पाणी धरून ठेवते. तेथे पिशवीत वाळूचे प्रमाण वाढवणे हाच उपाय. आदिलाबादेत वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात सुमारे तीन हजार. येथील जांभा दगडाच्या मातीतून पाणी लवकर निचरते खरे, परंतु जुलैच्या संततधारेत पिशव्या उघड्यावर ठेवल्यास बुरशी लागते. म्हणून गोव्यात मेच्या मध्यासच तुकडे लावावेत, पाऊस सुरू होताच पिशव्या छपराखाली घ्याव्यात, आणि मुळांचा जाळ धरल्यावर, श्रावणाची उघडीप साधून, कडुनिंबासारख्या आधारवृक्षाशी रोप लावावे. वेल अंगठ्याएवढी जाड झाल्यावरच कापणी करावी, आणि तीही जमिनीलगत नव्हे: खालचा बुंधा राखला की पुन्हा फुटवे येतात.